सासूबाईंची चहाडी

आजची तपासणी नीट पार पडली, तर हर्षलाच्या पदरात बरंच पडणार होतं: तीन महिन्यांऐवजी सहा महिन्यांनी मिरजेची फेरी, आणि 'कॅन्सरमधून उठलेली' ऐवजी नुसतीच हर्षला अशी ओळख. एवढ्या लाभापुढे डाव्या पायाला येणाऱ्या मुंग्या लपवणं तिला स्वस्तातलं वाटलं.

"रिपोर्ट उत्तम. आणखी काही त्रास?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही."

"नाही कसं?" सोबत आलेल्या सासूबाई कडाडल्या. "अहो, हिची चप्पल मागे राहते आणि ही तशीच पुढे जाते. कळतच नाही हिला!"

डॉक्टरांनी पाय तपासला. कदाचित केमोचा परिणाम, कदाचित मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे मज्जासंस्थेचा आजार. बुधवारी एमआरआय. "तसं निघालंच, तर लवकर कळलेलं बरं. आता चांगली औषधं आहेत."

बाहेर येताच हर्षला भडकली. "चहाडखोर आहात तुम्ही!"

"आहेच. ती कॅन्सरची गाठसुद्धा तू दोन महिने लपवलीस. मला ठाऊक होतं, तरी मी गप्प बसले. आता नाही बसायची."

हर्षलाचा आवाज खाली आला. "पण बुधवारी तुमची गणपतीपुळ्याची सहल आहे."

"समुद्र काय आटतोय होय?"

हर्षलाला हसू फुटलं. जिना उतरताना तिने आपणहून सासूबाईंचा हात धरला. बुधवारी निघायचं ते निघो. दोघींच्या लपवाछपवीचा भुर्दंड या खेपेला म्हातारीने एकटीने भरला: सहल गेली, वर चहाडखोर ठरली. आणि चेहरा असा, की जणू तीच नफ्यात.