हलकी रायफल

माशी नाचत होती. रायफलीच्या नळीच्या टोकावरची ती नेम धरायची खूण समोरच्या काळ्या ठिपक्यावर क्षणभरही टिकेना. पहारेकऱ्याने श्वास रोखला, कोपर बरगडीत रुतवलं, मनातल्या मनात तिला चार शिव्या हासडल्या. माशी आपली नाचतेच आहे.

दोष रायफलीचा नव्हता. नवी रायफल देखणी होती. लाकूड नाहीच, लोखंड नावापुरतं. बाकी सगळं कार्बनच्या धाग्यांचं कापड राळेत भिजवून साच्यात बसवलेलं. दिवसभर खांद्यावर असली तरी जाणवत नाही, म्हणून बाकीचे पहारेकरी तिच्यावर बेहद्द खूश होते. याची जुनी रायफल म्हणजे धोंड. पण त्या धोंडेखाली हाताची थरथर दबून जायची. दोन वर्षं कुणाला पत्ता लागला नव्हता. सोबतचे तर त्याला कौतुकाने 'खांब' म्हणायचे.

नेमबाजीची परीक्षा परवावर आली होती. नापास झाला तर हत्यार जाणार आणि सत्तावन्नाव्या वर्षी गाड्या लावून द्यायची शिट्टी हातात येणार.

घरी बायको गिऱ्हाइकाचे पडदे शिवत होती. पडदा नीट लोंबावा म्हणून खालच्या दुमडीत ती शिशाचे मणी घालायची.

"यातले थोडे देतेस? रायफलीचा दस्ता आतून पोकळ आहे."

तिने मशीन थांबवलं. "अहो, त्यापेक्षा डॉक्टरकडे चला की."

"परीक्षा होऊ दे."

तिने मण्यांचा डबा पुढे सरकवला. "कापूसही न्या. नाहीतर रायफल खुळखुळ्यासारखी वाजेल."

परीक्षेच्या सकाळी कपडे बदलायच्या खोलीत त्याने दस्त्याच्या टोपणाचे दोन स्क्रू काढले. पाऊण किलो शिसं आत गेलं, वरून कापूस. मैदानावर माशी शहाण्यासारखी गप्प बसली. दहापैकी नऊ गोळ्या ठिपक्यात. तरण्याताठ्यांना सातच्या पुढे जाता आलं नव्हतं.

परीक्षा घेणारे साहेब स्वतः उठून आले. "वा! पोरांची चांगली जिरवलीत. उद्यापासून तुम्ही शाळेच्या फाटकावर. तिथे मला सगळ्यांत पक्क्या हाताचा माणूस हवा होता."

"साहेब, मेहेरबानी."

"रायफल इथेच जमा करा. मुलं बिचकतात तिला. तिथे हे."

साहेबांनी त्याच्या तळव्यावर पिस्तूल ठेवलं. त्याच जातीचं, पण कितीतरी हलकं. मूठ काडतुसांनी भरलेली. एक मणी मावेल इतकीही जागा नाही.

त्याने हात झटकन मांडीशी दाबला. कुणाचंच लक्ष नव्हतं. पिस्तूल कमरेला लावून निघून गेला असता तरी चाललं असतं. शाळा सुटली की शे-दीडशे पोरं एकदम त्या फाटकातून उसळतात, हे त्याने पाहिलेलं होतं. त्याला भीती वाटली, आणि ती नोकरीची नव्हती.

"इथे सही करा," साहेब म्हणाले.

त्याने पिस्तूल टेबलावर ठेवलं.

"साहेब, आधी त्या रायफलीचं वजन करा."