बिगरपरकी

१९४३ सालच्या ऑगस्टमध्ये छावणीच्या साहेबानं फुसाए मोरिनागाला तिसऱ्यांदा बोलावलं आणि सुटकेचा परवाना पुन्हा तिच्यापुढे सरकवला.

"सही करा आणि उद्याच शिकागोला जा," प्रॅटसाहेब म्हणाला.

"माझा गुन्हा काय?"

"गुन्हा कसला? तुमच्यावर आरोपच नाही."

"मग डांबलंत कशाला?"

साहेबानं घड्याळाकडे पाहिलं.

जपानशी युद्ध पेटल्यावर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सगळ्या जपान्यांना छावण्यांत आणून टाकलं होतं; ही छावणी युटाच्या वाळवंटातली. भिंतीवर चिकटवलेल्या हुकमात 'नागरिक' हा शब्दच नव्हता. अमेरिकेत जन्मलेल्यांना 'बिगरपरके' म्हटलं होतं. फुसाए त्या शब्दावर जळायची. कॅलिफोर्नियातला जन्मदाखला जोडून तिनं कोर्टात अर्ज केला होता: नागरिकाला आरोपाशिवाय कोंडता येत नाही. ती बाहेर पडली की अर्ज निकालात निघणार आणि बाकीचे हजारो आतच राहणार. साहेबाला तेच हवं होतं.

बराकीत आई वाट बघत होती.

"केलीस सही?"

"नाही."

"काय मेली हट्टी! बिनदाराच्या संडासापुढे रांगा लावायची हौस आहे का तुला?"

"मी गेले तर तू इथंच सडशील, आई."

"सडेन. मी जपानात जन्मलेली, परकीच. तू जा. कोर्टकचेरी नको गं. कोर्ट जुने कागद उकरतं."

"उकरू दे की. माझे कागद स्वच्छ आहेत."

आईनं फडकं उचललं. खिडकीतली धूळ पुसू लागली. सकाळीच पुसली होती.

पडद्यापलीकडून शेजारचे ओगावा ओरडले, "वकिलीणबाई, सुटलात तर सोया सॉस पाठवा! इथलं मटण खाऊन मेंढी झालोय मी."

"तुमच्यासाठीच तर बसलेय, काका. बें बें करू नका."

परवाना चौथ्यांदा आला, पाचव्यांदा आला. कोर्टाच्या तारखा पुढे ढकलल्या जात राहिल्या. आई रोज तेच म्हणायची, फुसाए रोज तेच उत्तर द्यायची. शेवटी शेवटी दोघी जेवतानाही बोलेनाशा झाल्या.

डिसेंबर १९४४ मध्ये निकाल लागला. निष्ठावान नागरिकाला असं कोंडता येणार नाही. फाटक उघडलं.

प्रॅटसाहेब पुढे कुठल्याशा शाळेत मुख्याध्यापक झाला. ओगावा घरी परतले तर दुकान दुसऱ्याच्या नावावर. मरेपर्यंत त्यांनी लोकांच्या बागा राखल्या. फुसाएला गावोगाव भाषणाला बोलावू लागले. "मी इथं जन्मले," अशीच तिची सुरुवात असायची.

आई १९५१ मध्ये गेली. त्याच्या आठवडाभर आधी, एका दुपारी तिनं लेकीचा हात धरला.

"तुझ्याआधी एक झाली होती गं, इथं कॅलिफोर्नियात, सॅक्रामेंटोला. तिला घेऊन आम्ही जपानात, कोबेला गेलो, तिथं ती तापानं गेली. वर्षानं, तिथंच, तू झालीस. परत यायला जन्माचा कागद एकच होता, तिचा. मग बोटीवर चढल्यापासून तुलाच फुसाए म्हणायला लागलो."