जुन्या टायरांची जीप

चढावरच्या चिखलात जीपची चारही चाकं जागच्या जागी फिरत होती. मागे बसलेल्या माझ्या विद्यार्थ्यांचा शिष्यवृत्तीचा पेपर तासाभरात सुरू होणार होता.

नवे टायर परवडेनात, म्हणून मी खोल नक्षीचे जुने टायर लोखंडी रिमसकट आणले होते. चाकंही स्वतःच लावली. विज्ञानाचा शिक्षक असल्यावर कुणाला काय विचारायचं?

त्यांच्यातली मंजुळा उतरून चाकापाशी वाकली. "गुरुजी, टायरवरचे फिरण्याच्या दिशेचे बाण मागे दाखवतायत! डावी चाकं उजवीकडे नि उजवी डावीकडे लावलीत तुम्ही."

"मग आता?"

"उलटं चढा की! मग चाकं बाणाच्या दिशेनं फिरतील आणि नक्षी चिखल धरेल."

जीप खाली घेऊन फिरवली आणि मान वळवून अख्खा चढ रिव्हर्समध्ये चढलो.

केंद्रावर वेळेत पोचलो. उतरताना मंजुळा हळूच म्हणाली, "पेपर झाला की तुम्हाला घर्षण शिकवते हं, गुरुजी."