डिंभ्याचा उजेड

सकाळी खुशबूने चहाचा कप बाजूला ठेवून संगणक सुरू केला. मंचरमधल्या सासरच्या दुकानामागच्या या खोलीतून आसपासच्या गावांना फायबरने इंटरनेट जाई. रस्त्यावर कांद्याचे टेम्पो भरले जात होते. शेजारच्या जैन स्थानकात व्याख्यानासाठी सतरंज्या अंथरल्या जात होत्या. इतक्यात डिंभे गावाची जोडणी तुटली आणि क्षणात पुन्हा जुळली. रोजच्यासारखीच.

आज तिने नोंदी उघडून पाहिल्या. तारेत उजेड सोडणाऱ्या लेझरचा रंग, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या त्या उजेडाची तरंगलांबी, कोणीतरी बदलला होता. या जाळ्यात रंग बदलला की वाट बदले. डिंभ्याचा उजेड शेजारच्या जमिनीखालून सरळ न जाता बोरी बुद्रुकचा वळसा घेऊ लागला होता. दुपारी तो पुन्हा मूळ वाटेवर येई.

लेझरचं काम दुकानातला जुना नोकर गोरख एकटाच पाही. आणि गोरखचं गाव बोरी. तो कामावर येताच तिने त्याला गाठलं.

"गोरखभाऊ, बोरीत कुणाला चोरून लाइन देताय?"

"कुणाला न्हाई, वहिनी."

"मग रंग कोण बदलतं? भूत?"

"मीच बदलतो. पर का, ते इचारू नका."

"वा! चोर कबूल, फक्त चोरी तेवढी सांगायची नाही!"

गोरखने मान खाली घातली. त्याच्या घराची सारी भिस्त या नोकरीवर होती. तरी तो तारांची गुंडाळी उचलून कामाला लागला.

सासरे खेमचंद दारातून म्हणाले, "सूनबाई, चातुर्मास संपेपर्यंत तरी राहू दे त्याला. जुना माणूस आहे."

खुशबूला त्यांचा भाबडेपणा खटकला. तिने गोरखचा पासवर्ड बंद केला आणि उद्यापासून येऊ नका, असं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ती लवकर आली. खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आत कुजबुज चालली होती.

"हां गोरख, आकडा टाकला. आता कुठलं बटण?"

पांढऱ्या कपड्यांतले खेमचंद फोन कानाशी धरून एका बोटाने संगणकाच्या कळा दाबत होते. तिला पाहून त्यांचा हात थबकला.

"व्याख्यानाला महाराज साहेब बसतात, त्यांच्या पाटाखालून ही तार जाते," ते हळूच म्हणाले. "उजेड म्हणजे अग्नीचे जीव; साधूंना त्यांचा स्पर्श चालत नाही, म्हणून व्याख्यान संपेपर्यंत तो वळवायचा. मीच गोरखला शपथ घातली होती. तू शिकलेली, हसली असतीस."

खुशबूने त्यांच्यासमोरचा माऊस घेतला, डिंभ्याला बोरीच्या वाटेवर कायमचं ठेवलं आणि गोरखचा पासवर्ड पुन्हा चालू केला.