सगळ्यांना एकच फीत

१९४२ साल, लढाई पेटलेली. नगरच्या लष्करभरतीत सरकारी हुकमामुळं पाटलांना आपलाही मुलगा उभा करावा लागला. त्याच्यामागं त्यांचा सालगडी, मच्छिंद्र.

"इथं वतन न्हाई, जमीन न्हाई. फितीला उतरंल तोच पास!" छाती मोजायची फीत हातात घेऊन जमादार ओरडला.

वजन भरावं म्हणून उपाशी मच्छिंद्र पोटभर पाणी पिऊन आला होता. छाती फुगवताना डोळ्यांपुढं अंधारी आली, पण तो पास झाला. दूधतुपावर पोसलेल्या पाटलाच्या पैलवान मुलाची छाती मात्र फुगेचना.

"माझं पोर पाटलाच्या पोराला भारी पडलं!" मच्छिंद्रची आई, रतनबाई, आनंदानं रडत गावभर सांगत सुटली.

संध्याकाळी खुद्द पाटलीणबाईंनी येऊन तिच्या हातावर पेढा ठेवला.



"घे रतने, तोंड गोड कर. आमचा नापास झाला."