शेवटची सहा अक्षरं

दीड हजार वर्षांपूर्वीच्या एका जर्मानिक शिलालेखाचा प्लास्टरचा ठसा प्रा. अस्मिता घैसास यांच्या वारज्यातल्या बाल्कनीत उभा होता. शेवटची सहा अक्षरं तेवढी वाकडीतिकडी. म्हणून हा लेख दोघांनी कोरला, असं त्यांनी प्रबंधात सिद्ध केलं होतं. त्यावरच त्यांचं नाव झालं होतं.

दगड घडवणाऱ्या चंद्रभागाबाई वाटणाच्या पाट्याला छिन्नीने टाकी लावायला आल्या होत्या. काम संपल्यावर त्यांनी पदराला हात पुसले आणि सहज ठशावरून बोटं फिरवली. त्यांना वाचता येत नव्हतं.

"दोघांनी कोरलंय ते," अस्मिताताई म्हणाल्या.

"न्हाई. मानूस एकच हाय." बोट शेवटच्या अक्षरांवर थांबलं. "हितं त्याला दिसत नव्हतं."

"अंधार पडला असेल."

"अंधारात आमचा हात चुकत न्हाई, बाई. डोळं भरलं की चुकतो."

अस्मिताताईंनी त्या सहा अक्षरांवर स्वतःचं बोट ठेवलं. दगडावर काय लिहिलंय, ते चंद्रभागाबाईंना कुणी सांगितलंच नव्हतं. तो एका बापाने उभा केलेला दगड होता, आणि ती सहा अक्षरं म्हणजे त्याच्या मेलेल्या मुलाचं नाव.