महिन्याचा पहिला रविवार

चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट पुढच्या बाकापाशी पोचलं, आणि नेमकी तेव्हाच मागून कुजबुज आली, "नळ आले!"

झालं! जालन्यात दहा-बारा दिवसांनी येणारं पाणी, त्याला उपासनेचं काय कौतुक? बायकांच्या पिशव्यांत मोबाइल गुरगुरायला लागले. आधी मोनाली उठली, तिच्यामागं तिची जाऊ. पदर सावरत, एकमेकींकडं न बघता बायका दाराकडं सरकल्या. बाहेर चपलांची एकच शोधाशोध. खुद्द पाळकसाहेबांच्या बायकोनं, पाळकबाईंनी, गीतांचं पुस्तक हळूच मिटलं आणि मान खाली घालून त्याही गेल्या.

बेबीनंदानं पदराआड फोन कानाला लावला. शेजारची फरहाना होती. "मावशी, जल्दी आओ! पौन घंटाच रहता पानी."

बेबीनंदा अर्धी उठलीच. घरी टाकी ठणठणीत कोरडी. नवरा सर्जेराव चार महिने अंथरुणावर. त्याचं धुणं-पुसणं सगळं पाण्यावर. सकाळी तोच म्हणाला होता, "नळ येवो न्हाईतर पूर येवो, आज तू उपासनेतून उठू नको." त्याला काय जातंय म्हणायला! बारा दिवस हंडे घेऊन दारोदार फिरायचं कोणी?

पण तीन महिने झाले. दर पहिल्या रविवारी बराबर याच वेळेला नळ आल्ते, आणि तिन्ही वेळा ती ताट यायच्या आत पळाली होती. हंडे भरताना चर्चमधलं गाणं ऐकू यायचं आणि तिचा जीव नुसता तुटायचा.

ती परत बसली. बाकाची कड घट्ट धरून बसली. डोळे मिटले तर समोर टाकीच. प्रभू, माफ कर रे बाबा, तिनं मनात म्हटलं आणि कड आणखी आवळली.

रिकाम्या बाकांमधून पाळकसाहेब ताट घेऊन तिच्यापाशी आले. हळूच म्हणाले, "बेबीनंदाबाई, तुमच्याकडं नळ न्हाई आले का?"

"आले की साहेब."

"मंग?"

तिनं ओंजळ पुढं केली.

"तीन महिन्यांची भूक हाय, साहेब. आधी भाकर द्या."